दुपारचं पाणी

रेडिएटरची नवी टोपी आणायला मी त्या दिवशी दत्त चौकाकडे गेलो होतो. एप्रिल लागला होता आणि सकाळच्या उन्हातही डांबर चपलेला चिकटत होतं. टोपी हातात देताना दुकानदारानं विचारलं की सर, या वयात बॉनेटखाली कशाला वाकता, सरळ गॅरेजला लावा. मी हसलो आणि घरीच करून बघतोय म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. शीला, माझी बायको, ती गाडी पोर्चमधून हलू देत नव्हती.

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला आहे. मी आयुष्यभर यवतमाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. उष्णता कुठून निघते आणि कुठे जाते, हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता. आता कानात यंत्र आहे, रात्रीची झोप तुटक आहे, आणि एखादी गोष्ट घडली की माझ्या मनात आली, याची कधी कधी मलाच खात्री देता येत नाही. तेव्हा जिथे मला शंका आहे तिथे मी तसं सांगेन. बाकीचं तुम्ही ठरवा.

गाडी माझी, पण चालवायचा रजत. रजत आमचा एकुलता एक मुलगा. बियाण्यांच्या कंपनीत होता, पांढरकवड्याकडची गावं त्याच्याकडे होती. मागच्या मे महिन्यात एका सकाळी तो नेहमीसारखा दाढी करून, आईशी दोन शब्द बोलून निघाला. दुपारनंतर फोन लागेना. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली, पांढरकवड्याच्या पुढे, जंगलातून जाणाऱ्या एका आडरस्त्याच्या कडेला. बॉनेट उघडं होतं. रेडिएटरची टोपी काढून नीट बॅटरीवर ठेवलेली होती. आत पाण्याचा थेंब नव्हता, आणि गाडीत नेहमी असायची ती पाण्याची बाटली गायब होती.

म्हणजे इंजिन तापलं, त्याच्याजवळचं पाणी संपलं आणि तो बाटली घेऊन पाणी शोधायला गेला. इथपर्यंत कुणालाही कळतं. त्याच्या पुढचं कुणालाच कळलं नाही. पोलिसांनी, वनखात्याच्या लोकांनी, आसपासच्या पोडांवरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरच्या, माणसांनी जंगल धुंडाळलं. कुणी वाघाचं नाव घेतलं, पण वाघ काहीतरी मागे ठेवतो. चप्पल, शर्टाची चिंधी, काहीतरी. तिथे काहीही नव्हतं.

काही दिवसांनी गाडी घरी आली आणि पोर्चमध्ये उभी राहिली. कित्येक महिने मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरून जाताना मान वळवून जायचो. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तेव्हा शीला एकदा म्हणाली की ती नीट करून ठेवा, तो आल्यावर लागेल त्याला. "तो आल्यावर" हे ती अगदी सहज म्हणायची, भाजी संपली आहे असं सांगावं तसं.

मी कामाला लागलो. गाडीसाठी नव्हे, हे कबूल करतो. मला कारण हवं होतं. ती गाडी आधी कधी तापली नव्हती, मग त्याच दिवशी का तापली? ज्या बिघाडानं माझ्या मुलाला रस्त्यावर उतरवलं तो बिघाड मला हातात धरून पाहायचा होता. फाटका पाईप असेल, अडकलेला थर्मोस्टॅट असेल, काहीही असो. माणसाला कशावर तरी बोट ठेवता आलं पाहिजे.

मी एकेक भाग तपासला. थर्मोस्टॅट काढून स्वयंपाकघरात पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकला. तो बरोबर उघडला, गार केल्यावर बरोबर मिटला. पाईप वाकवून, पिळून पाहिले. वॉटर पंप ठीक, पट्टा ठीक. रेडिएटर बाहेर काढून उलटा धरून पाणी सोडलं तर ते एकसारखं पलीकडे आलं, गाळ नाही. टोपीच्या रबराची शंका होती म्हणून ती नवी आणली. मग सगळं जोडून, पाणी भरून इंजिन सुरू केलं आणि भर उकाड्यात बराच वेळ तसंच चालू ठेवलं. काटा मध्यावर येऊन थांबला. पंखा वेळेवर सुरू झाला, वेळेवर बंद झाला.

गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. किती वेळ ते आठवत नाही. शीला दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सवयीनं टोपी उघडली तर पाणी वीतभर खाली गेलेलं. गाडी जागची हललेली नव्हती, किल्लीसुद्धा लावलेली नव्हती. मला तर बरंच वाटलं. म्हणजे गळती आहे. आता सापडेल.

खाली जुने पेपर पसरले. ते कोरडेच राहिले. पाण्यात रंग टाकून पाहिला, कुठेही डाग उमटला नाही. मग वाटलं, पाणी आतल्या आत इंजिनात उतरत असेल. तसं असतं तर ऑईल दुधाच्या चहासारखं झालं असतं. डिपस्टिक काढून पुसून पाहिली, ऑईल स्वच्छ. स्पार्क प्लग काढले, तेही कोरडे. रोज सकाळी मी काठोकाठ भरत होतो, आणि रोज दुपारनंतर पाणी खाली गेलेलं असायचं. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, रात्रीही नाही. फक्त दुपारी.

एवढं पाणी वाफ होऊन बंद टोपीतून कसं जाईल? मी कागदावर हिशेब मांडले आणि फाडून टाकले. माझंच काही चुकतंय असं वाटत होतं. वयामुळे आपण सकाळी भरतच नसू, भरल्यासारखं वाटत असेल, असंही मनात आलं. म्हणून एका दुपारी मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलो.

आमच्याकडची उन्हाळ्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगणं कठीण आहे. लोकांना भीती रात्रीची वाटते. इथे रात्री माणसं अंगणात खाटा टाकून बोलत असतात. सुनसान असते ती दुपार. रस्त्यावर कुत्रंही नसतं. दारं-खिडक्या बंद, कूलरचा घरघराट, आणि त्या दिवशी वीज गेलेली असल्यामुळे तोही नाही. समोरच्या भिंतीवर ऊन इतकं पांढरं पडलं होतं की डोळे मिटले तरी ते दिसत होतं. लू सुटली होती. तिनं एक पॉलिथिनची पिशवी रस्त्यावरून घसटत नेली आणि मग तीही कुठेतरी थांबली.

आधी वास आला. पेट्रोलचा नाही, रबराचाही नाही. सागाच्या वाळल्या पानांचा वास, उन्हात तापलेल्या पाचोळ्याचा आणि मातीचा. आमच्या गल्लीत सागाचं झाड नाही. मग आवाज. मला वाटलं कानातलं यंत्र खरखरतंय, म्हणून मी ते काढून हातात घेतलं. आवाज तसाच राहिला, उलट जास्त स्पष्ट झाला.

वाळल्या पानांवरून कुणीतरी चालत येत होतं. पावलं जवळ आली. बॉनेटच्या आतून जवळ आली, याहून नीट मला सांगता येत नाही. थांबली. आणि मग पाणी पिण्याचा आवाज.

एक घोट. थांबणं. मग घाईघाईनं घोटामागून घोट, उन्हातून आलेला माणूस तांब्या वर धरून ओठ न लावता पितो तसे. मध्येच नाकातून सोडलेला श्वास, बारीकसा, 'हं' असा. मग पुन्हा घोट.

तो श्वास मी ओळखला.

मी हललो नाही. हलू शकलो नाही. पिणं थांबलं. पानं पुन्हा वाजली, चुर्र चुर्र करत लांब गेली, ऐकू येईनाशी झाली. मी उठून बॉनेटवर हात ठेवला. पोर्चच्या सावलीत उभी असलेली, बंद गाडी. पत्रा इतका तापला होता की बोटं भाजली. टोपी उघडली. पाणी वीतभर खाली.

मागे पाऊल वाजलं म्हणून वळलो तर शीला उभी होती. तिच्या हातात तांब्या होता, माठातल्या पाण्याचा. वाळ्याचा वास येत होता त्याला.

"बाजूला व्हा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "नळाचं नका टाकत जाऊ. ते गरम राहते."

तिनं रेडिएटरच्या तोंडात तांब्या ओतला, हळूहळू, एक थेंब न सांडता. तिला हे नवं नव्हतं. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, गाडी घरी आली तेव्हापासून. मी तिच्याकडे पाहत नव्हतो त्या सगळ्या महिन्यांत ती रोज सकाळी पाणी भरत होती. सुरुवातीला नुसती रिकामी पाहवली नाही म्हणून. तिच्यात पाणी नव्हतं म्हणून तर तो गेला. मग रोज दुपारी ते संपतं हे तिच्या लक्षात आलं. पावसाळ्यातही, थंडीतही. डिसेंबरातल्या दुपारी बाहेर गारठा असायचा आणि त्या तोंडातून लू यायची.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोजमाप केलं असतं." ती टोपी लावत म्हणाली. "मले भीती वाटली, मोजलं तं तो यायचा बंद होईल."

शीला पुसदच्या शाळेत शिकलेली, नंतर स्वतः शाळेत शिकवणारी. एरवी तिचं बोलणं माझ्याइतकंच पुस्तकी. पण मन भरून आलं की ती माहेरच्या बोलीत जाते. त्या दिवसानंतर ती त्याच बोलीत राहिली.

आम्ही दोघं मग रोज दुपारी पोर्चमध्ये बसू लागलो. लाज वाटते सांगायला, पण ते दिवस सुखाचे होते. दुपारची वाट पाहायचो. ती माठ धुऊन, वाळा बदलून ठेवायची. पावलं आली की माझा हात धरायची. तिचं म्हणणं सरळ होतं. तो तहानलेला आहे, तो पाणी पितो, म्हणजे तो आहे. कुठे आहे ते कळत नाही, पण आहे. मीही काही दिवस तसंच मानलं. मग माझ्या डोक्यानं खोडा घातला. एका दुपारी, पावलं दूर गेल्यावर, मी म्हणून गेलो की शीला, जिवंत माणसं अशी पाणी पीत नाहीत.

तिनं माझा हात सोडला. मग उठून आत गेली आणि त्या दिवशी आम्ही वेगवेगळे जेवलो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तेव्हा भगवानराव फुलसावंगीहून आले. माझे थोरले भाऊ. शेती तेच बघतात. येताना त्यांनी कुंभाराकडची नवी घागर आणली होती आणि एक मोठं डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज. ते पाहताच शीलाचा चेहरा उतरला. आमच्यात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. घागरीत गार पाणी, वर डांगर, आणि त्या माणसाचं नाव घेऊन पाणी सोडायचं. घरात कुणी गेलं असेल तर त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला ही घागर चुकवायची नसते. घागर मिळाली की त्याची तहान भागते आणि त्याची वाट सुटते, असं मानतात. मी काही मानत नाही. पण आईची घागर मी भरली होती, वडिलांचीही.

भगवानराव पोर्चमध्ये आले, उघड्या बॉनेटकडे आणि माझ्या काळ्या हातांकडे पाहून म्हणाले, "एवढी पीएचडी केली बापू, अन् तुह्याच्यानं एक गाडी ठंडी होऊन नाई राह्यली."

मी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो असेन. मग त्यांना बसवलं आणि दुपारपर्यंत थांबा म्हणालो. ते थांबले. ऐकलं त्यांनी. पावलं गेल्यावर त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले, आणि नंतर ते काही चेष्टेचं बोलले नाहीत.

संध्याकाळी ते शीलाशी बोलले. आवाज खाली ठेवून, तिच्याकडे न पाहता. म्हणाले, बाई, पोरगं तहानेनं गेलं हाय. वाट चुकलं हाय. अशा माणसाले कोणी तरी घागर द्या लागते, नाई तं तो असाच फिरते.

"जित्या लेकराची घागर भरू?" शीलानं विचारलं.

जिवंत माणसाच्या नावानं घागर भरली तर काय होतं, हे आमच्याकडे कुणी बोलत नाही. तसं कुणी करतच नाही. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. शिकलेला मी होतो. मी म्हणालो की मला ठरवता येत नाही, आणि ते खरं होतं. तो गेला असेल तर त्याला मोकळं न करणं हा छळ. तो असेल तर... मी वाक्य पुरं केलं नाही.

ठरवलं शीलानंच. आखाजीच्या आदल्या दुपारी. त्या दिवशी पावलं उशिरा आली आणि ती चालल्यासारखी नव्हती. पानांवरून काहीतरी ओढलं जात होतं, थांबत होतं, पुन्हा ओढलं जात होतं. पिण्याचे घोट लहान झाले होते. मधला श्वास लांबला होता. शीलानं रेडिएटरच्या तोंडाशी कान नेला. लू तिच्या गालावर येत होती, केस उडत होते, पण ती हटली नाही.

"पाय ओढून राह्यला," ती म्हणाली. "थकला हो तो."

तिनं मान वर केली, पण हात रेडिएटरवरच ठेवला.

"मी पाणी देतो म्हणून तो चालते. देऊन देऊन मीच त्याले चालवून राह्यली. वर्ष झालं... अजून किती चालवू त्याले उन्हात?"

मग ती तिथेच फरशीवर बसली आणि म्हणाली, "भरा घागर. पण तुम्ही भरा. माह्या हातानं नाई होणार."

आखाजीच्या दिवशी ती पहाटेच उठली. पुरण, वडे, कुरडया, चिंचेची चिंचोणी, रजतला आवडायचं ते सगळं केलं. भगवानरावांनी पळसाच्या पानांची पत्रावळ लावली. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, की आज गाडीत पाणी टाकायचं नाही. दोन दारी पाणी ठेवलं तर तो कोणत्या दारी जाईल? म्हणून सकाळी मी रेडिएटरचा खालचा नळ सोडला आणि पाणी बादलीत काढून घेतलं. शेवटचे थेंब पडेपर्यंत बादली धरून बसलो होतो. मग ती बादली तुळशीत ओतली.

मध्यान्हीला मी देवघरासमोर पाटावर बसलो. घागर भरली. वर डांगर ठेवलं. गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकला, धूर झाला, डोळ्यांत गेला. मग हातात पाणी आणि तीळ घेऊन त्याचं नाव घ्यायचं होतं. माझ्या तोंडून ते निघेना. पाळण्यात मीच कानात सांगितलेलं नाव. भगवानराव माझ्या पाठीवर हात ठेवून बसले होते. शीला भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी नाव घेतलं आणि पाणी सोडलं.

त्याच वेळी पोर्चमधून पानं वाजली.

आम्ही तिघांनीही ऐकलं. ओढत येणारी पावलं. एकदा पडल्यासारखा धप्प आवाज आणि पुन्हा ओढणं. ती जवळ आली, थांबली. मग तो आवाज, जो मी अजून रोज दुपारी ऐकतो, आणि तो खरा असतो की मनातला हे मला कळत नाही. कोरड्या भांड्याला ओठ लावून आत ओढलेला श्वास. पाणी नाही. पुन्हा ओढलेला श्वास. पाणी नाही. जिभेचा टाळूला चिकटून सुटण्याचा आवाज. नखानं पत्र्यावर हलकंसं टकटक, जसं कुणी बंद दारावर, आतली माणसं झोपली असतील म्हणून, हळूच वाजवावं.

शीला उठली. तिनं देवघरासमोरचा तांब्या घेतलाही होता. भगवानरावांनी तिच्या वाटेत हात आडवा धरला. "नोको जाऊ, बाई," ते म्हणाले. "आता जाशीन तं तो पुन्हा अटकीन. इथं घागर हाय त्याची. येऊ दे त्याले इथं."

ती माझ्याकडे पाहत होती. मी एक शब्द बोललो असतो तर ती गेली असती. मी समोरच्या घागरीकडे पाहत बसलो.

टकटक थांबली. आम्ही वाट पाहिली. पावलं लांब जाण्याचा आवाज आलाच नाही. रोज जायची तशी ती गेली नाहीत. नुसती शांतता, आणि हळूहळू तो पाचोळ्याचा वासही विरला. बऱ्याच वेळानं मी बाहेर जाऊन बॉनेटवर हात ठेवला. पत्रा गार होता, एप्रिलच्या दुपारी पाणी शिंपडल्यासारखा गार. आत आलो तर घागर जशी भरली होती तशीच काठोकाठ. भगवानरावांनी हात जोडले. म्हणाले, सुटला. शीलानं पदर तोंडात कोंबला आणि रडली, वर्षभरात पहिल्यांदा. मीही रडलो. आम्हाला वाटलं की झालं. वाईट झालं पण एकदाचं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरकवड्याहून फोन आला.

गुरं घेऊन निघालेल्या माणसानं पाहिलं होतं. जंगलात नाही, नाल्यात नाही. आडरस्त्याच्या कडेला, जिथे मागच्या वर्षी गाडी उभी होती नेमकं तिथेच. रोज त्या रस्त्यानं माणसं जातात, आदल्या सकाळीही गेली होती. कुशीवर, हात पुढे केलेला, असा तो पडला होता. खिशातल्या कार्डावरून पोलिसांनी नाव वाचलं.

गाडी भाड्यानं करून आम्ही तिघं गेलो. मी मनाची तयारी करत होतो, वर्षभरानंतर जे उरतं त्याची. हाडं असतील, कपड्यावरून ओळखावं लागेल. शीलाला बाहेर बसवायचं, असं मी ठरवलं होतं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं की मुलगा कधीपासून बेपत्ता होता. मी सांगितलं, मागच्या मे महिन्यापासून. त्यांनी मला पुन्हा तेच विचारलं. मग मला थोडं बाजूला घेतलं.

"सर, कालचं आहे हे," ते म्हणाले. "काल दुपारपर्यंत जिवंत होते ते."

मी विचारलं, कशानं.

"उन्हानं. अंगात पाणीच राहिलं नव्हतं. दोन-चार तास आधी कुणी पाणी पाजलं असतं, तर..." माझ्याकडे पाहून ते थांबले. मग हळूच म्हणाले की वर्षभर कुठे राहिले असतील ते, काही कल्पना आहे का? कारण कपडे स्वच्छ आहेत. हाल झालेला माणूस वाटत नाही.

चादर काढली तेव्हा शीला माझ्या शेजारी होती. तिला मी थांबवू शकलो नाही. तोच निळा शर्ट होता, इस्त्रीच्या घड्या अजून बाहीवर. ओठ फुटलेले. पण हनुवटी गुळगुळीत. ज्यानं सकाळी दाढी केली आणि दुपारी मेला अशा माणसाची हनुवटी. तिनं त्यावरून हात फिरवला, दोन वेळा, आणि हात तिथेच ठेवला.

त्याच्या खिशातल्या वस्तू एका स्टीलच्या ट्रेमध्ये होत्या. पाकीट, बंद पडलेला फोन, आणि एक लहान पांढरा कांदा. आमच्याकडे उन्हात निघणाऱ्याच्या खिशात लू लागू नये म्हणून बाया कांदा टाकतात. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. मी माझ्यापुरतं उत्तर शोधून ठेवलं होतं, की जिथे कुठे तो राहिला असेल तिथे त्यानं बाजारातून घेतला असेल.

शीलानं तो उचलला. हातात फिरवून पाहिला. त्याच्या बुडाशी विळीनं कापल्याचा एक चरा होता, खराब भाग काढून टाकल्याचा. तिनं त्या जागी बोट लावलं. कापलेली जागा ओली होती. तिनं ते बोट माझ्यापुढे धरलं आणि त्याचा वास, ताज्या चिरलेल्या कांद्याचा, माझ्या डोळ्यांत गेला.

"निघाला त्या सकाळी मीच तं टाकला होता," ती म्हणाली.